शिट्टी वाजली होती

गाडी दुरुस्त करणाऱ्याचे हात काळे असतात, हे सगळ्यांना दिसतं. त्याचं खरं हत्यार कान असतो, ते कोणाला दिसत नाही. मी नांदेडात पेट्रोल गाड्यांचं काम करत म्हातारा झालो. बॉनेट उघडायच्या आधी मी गाडी चालू करायला लावायचो आणि दोन पावलं मागं सरकून उभा राहायचो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनवर आणि मूठ कानाला टेकवली, की आतलं सगळं बोलणं ऐकू यायचं. कोणता प्लग चुकतोय, कोणता टॅपेट ढिला आहे, ते मी पाना हातात घ्यायच्या आधीच सांगायचो. लोक म्हणायचे, व्यंकट मिस्त्रीला कंप्युटर लागत नाही. आणि मी ते खोटं खोटं नाकारायचो.

या अंकाचे संपादक माझे जुने गिऱ्हाईक. ते म्हणाले, मिस्त्री, गिऱ्हाइकांच्या गमती लिहा. गमती पुष्कळ आहेत. देगलूरचा एक कापड व्यापारी आला होता. त्याच्या गाडीत डावं वळण घेतलं की टक असा आवाज यायचा, उजवं घेतलं की यायचा नाही. दोन गॅरेजवाल्यांनी त्याचे शॉकअप बदलले होते. मी मागच्या सीटवर डोळे मिटून बसलो आणि त्याला चौकात फेऱ्या मारायला लावल्या. तिसऱ्या फेरीला मी थांबवलं आणि डिकीतल्या स्टेपनीखालून नारळ काढून दिला. नवीन गाडीच्या पूजेचा होता, कधी घरंगळून गेला कोणाला ठाऊक. आम्ही तो तिथंच फोडला.

अशा गोष्टी सांगत मी खुशाल पानं भरली असती. पण गेल्या वर्षी औशाजवळ जे झालं, त्यानंतर मला त्या गोष्टी सांगताना जीभ अडखळते. म्हणून तेच लिहितो.

बालाजीराव हे औशाचे. बोअरच्या गाड्या आहेत त्यांच्या, सगळ्या मराठवाड्यात भोकं पाडून झाली असतील. अंगानं आडवे, मनानं मोकळे. त्यांनी हैदराबादेतून एक लाल परदेशी स्पोर्ट्स कार जुनी घेतली. दोन दारं, दोन सीटा, पेट्रोलचं मोठं इंजिन आणि जमिनीला पोट टेकेल एवढी बुटकी. घराच्या फाटकातून बाहेर काढायला उतारावर लाकडी फळ्या टाकाव्या लागत. गावातला प्रत्येक गतिरोधक तिला आडवा जायचा. उसाच्या ट्रॉल्या चालू झाल्या की ती शेडमधून निघायचीच नाही. मी एकदा विचारलं, राव, मग घेतली कशाला? ते म्हणाले, "आवाजासाठी. मिस्त्री, जन्मभर बोअरच्या मशीनचा आवाज ऐकला. एक तरी चांगला आवाज ऐकून मरू द्या."

तो आवाज खरोखरच चांगला होता. औशाहून नांदेडला ते ही गाडी घेऊन माझ्याकडं यायचे, कारण लातुरात कोणी तिला हात लावायला धजत नव्हतं. डॅशबोर्डवर इतके दिवे कायमचे पेटलेले होते की त्यातला खरा कोणता आणि खोटा कोणता, हे कळायला मार्ग नव्हता. मी म्हटलं, दिव्यांकडं बघू नका, मी आहे ना. मी ते इंजिन महिनाभर हाताळलं, प्लग, टायमिंग, हवेचा मार्ग, सगळं एकदम सुरात आणलं. ती गाडी चालू करून दिली की रस्त्यावरचे लोक थांबायचे. माझ्या हातची शेवटची मोठी गाडी, असं मला तेव्हाच वाटत होतं.

त्याच दिवसांत लातूरच्या देशमुख मॅडमनी विजेची गाडी घेतली. मॅडम फिजिक्सच्या शिकवण्या घेतात. लातुरात शिकवणीचा धंदा काय आहे हे मी सांगायला नको. आधीच्या दोन्ही पेट्रोल गाड्या त्यांनी माझ्याकडंच सांभाळायला दिल्या होत्या. ही नवी गाडी दिसायला साधी, पाच दारांची, भाजी आणायला न्यावी अशी. पण विजेच्या गाड्यांतली तापट, मोटर जोरदार. मॅडम ती मला दाखवायला मुद्दाम नांदेडला घेऊन आल्या. मी बॉनेट उघडलं, आत एक प्लास्टिकचा डबा आणि रिकामी जागा. ऐकायला काहीच नव्हतं. मी म्हटलं, मॅडम, मिक्सर चांगला आहे, चटणी बारीक होईल. बालाजीराव तिथंच बसले होते, ते पोट धरून हसले. मॅडमही हसल्या. मग म्हणाल्या, मिस्त्री, तुमच्या त्या लाल गाडीला हा मिक्सर उभ्या जागेवरून मागं टाकेल.

तिथून ते सुरू झालं. मॅडमना मुलांना त्वरण शिकवायचं होतं. वेग वेगळा आणि वेग वाढण्याचा वेग वेगळा, हे मुलांच्या डोक्यात शिरत नाही, म्हणाल्या. दोन गाड्या शेजारी उभ्या करून एकदम सोडल्या आणि चित्रीकरण केलं, तर एका धड्याचं काम होईल. बालाजीरावांना तर कारणच हवं होतं. औशाच्या अलीकडं एक बायपास तयार होऊन उद्घाटनाची वाट बघत पडला होता. सरळ, सपाट, दोन्ही टोकांना मुरुमाचे ढीग घालून बंद केलेला. ठेकेदार बालाजीरावांचा मित्र. स्पोर्ट्स कार चालवायची मी, असं ठरलं. बालाजीराव म्हणाले, गाडी तुम्ही घडवली, तुम्हीच मारा.

बाहेरच्या माणसाला यातली मेख समजावी म्हणून सांगतो. पेट्रोलचं इंजिन उभ्या जागेवर ताकद देत नाही. आधी त्याला जोरात फिरवावं लागतं, मग क्लच हळूहळू सोडून ती ताकद चाकापर्यंत पोहोचवायची. जास्त सोडला तर चाकं जागेवर फिरून रबर जळतं, कमी सोडला तर इंजिन गुदमरतं. मग दुसरा गिअर, तिसरा गिअर, प्रत्येक वेळी एक श्वास मोडतो. विजेच्या मोटरला यातलं काहीच नाही. पाय दाबला की पहिल्या क्षणापासून सगळा जोर हजर. मात्र वेग बराच वाढला की तिची ओढ कमी होते आणि पेट्रोलची तेव्हाच रंगात येते. म्हणजे सुरुवात तिची, शेवट आपला. हे मलाही ठाऊक होतं. माझा हिशेब असा, की मी सुरुवात इतकी साफ करीन की मध्येच गाठीन.

निघायच्या आधी गाडी तपासायला दोन दिवस माझ्याकडं होती. बालाजीराव म्हणाले, "मिस्त्री, ब्रेक मारला की चिर्र करून राहिलं बरं का. मागंही सांगितलं होतं तुम्हाला." मागं त्यांनी पावसाळ्यात सांगितलं होतं, खरंच. तेव्हा मी चक्कर मारून आलो होतो आणि म्हणालो होतो, धूळ असेल, आवाज नाही काही. या वेळीही मी विष्णुपुरीपर्यंत जाऊन आलो. दहा ठिकाणी ब्रेक मारले, काच खाली करून कान बाहेर काढला. काहीच नाही. त्यांना म्हटलं, राव, तुमच्या कानात बोअर भरलाय. ते हसून गप्प बसले. माझ्या कानापुढं ते स्वतःच्या कानावर कशाला विश्वास ठेवतील?

चाक उघडून बघणं हे अर्ध्या तासाचं काम. मी ते केलं नाही, कारण मला गरज वाटली नाही.

सकाळी ऊन कोवळं असतानाच आम्ही त्या रस्त्यावर जमलो. मॅडमचे मिस्टर मोबाईल घेऊन बाजूच्या बांधावर उभे राहिले. रस्त्याच्या पुढच्या भागात एका काठीला लाल फडकं बांधलं होतं, तिथं पोचलं की पाय काढायचा असं ठरलं. त्याच्या पुढं थांबायला भरपूर जागा होती आणि मग मुरुमाचा ढीग. शिट्टी बालाजीराव मारणार होते. बोअरच्या मशीनवर पोरं लांब असतात, मशीनचा आवाज भयंकर, म्हणून त्यांच्या गळ्यात कायम शिट्टी. कोसभर जाईल अशी.

मी इंजिन तापवलं, रेस वाढवली, क्लच नेमक्या जागी धरला. बालाजीराव दोन्ही गाड्यांच्या मध्ये, माझ्या खिडकीला लागून उभे होते. मी समोर बघत होतो, कान शिट्टीकडं. शेजारची गाडी गेली.

ती गेली, म्हणजे मी नुसता बघतच राहिलो. आवाज नाही, धूर नाही, जागेवरून उचलून कोणी फेकावी तशी. मग मी क्लच सोडला. चाकं घसरली, गाडी आडवी होता होता सरळ झाली. फडक्यापर्यंत मी मागंच होतो, आणि थोडाथोडका नाही. परत आलो तेव्हा माझे कान तापले होते. मी उतरून म्हणालो, शिट्टी न मारता सोडली का गाडी?

बालाजीरावांच्या तोंडात अजून शिट्टी होती. मॅडमचे मिस्टर बांधावरून म्हणाले, शिट्टी तर मोबाईलमध्येसुद्धा आली आहे, मी लावून दाखवू का? मी म्हटलं, इंजिनचा आवाज मोठा, त्यात दबली. आणि जोरात हसलो. मॅडम हसल्या नाहीत. त्या माझ्याकडं बघत होत्या, पेपर तपासताना मुलाच्या चुकीवर पेन थांबवावा तशा.

मी पुन्हा घ्यायला लावलं. हट्टच धरला. या वेळी शिट्टी नको, बालाजीरावांनी रुमाल वर धरून खाली सोडावा, असं ठरवलं. रुमाल मला दिसला. त्याच क्षणी मी निघालो, क्लच जसा सोडायचा तसा सोडला. माझ्या आयुष्यात त्याहून चांगली सुरुवात मी केली नसेल. तरीही मॅडमची गाडी पुढं होती. पहिल्या दमात तिनं जे अंतर घेतलं ते दुसऱ्या गिअरमध्ये वाढलं, तिसऱ्यात तेवढंच राहिलं. आणि मग ते कमी व्हायला लागलं. इंजिन वरच्या सुरात गेलं, सीटनं पाठीला रेटा दिला. मी तिच्या मागच्या चाकापाशी आलो. लाल फडकं आलं, मॅडमनी पाय काढला. मी काढला नाही.

मला फक्त एकदा तिच्या पुढं जायचं होतं. फडक्याच्या पुढं गेल्यावर त्याला काही अर्थ नाही, हे कळत असूनही. मी पुढं गेलो आणि मग ब्रेक मारला.

पायाखाली खरखर झाली. ऐकू आली नाही, तळपायाला कळली, खडीवरून लोखंड ओढल्यासारखी. गाडीचा वेग उतरायला हवा तसा उतरेना. मी पुन्हा दाबला, गिअर खाली टाकला. समोर ढिगावर कोणी तरी बसलेलं दिसलं. तो उठला, हात हलवले, तोंड उघडलं, आणि उडी मारली. गाडी मुरुमात नाकापर्यंत शिरली आणि थांबली.

तो त्या रस्त्याचा रखवालदार होता. म्हातारा, माझ्याच वयाचा. ढिगावर बसून तो दात घासत होता. मी दार उघडून उतरलो. तो पलीकडून उठून आला, धोतर झटकलं आणि बंपरखाली वाकून काहीतरी ओढायला लागला. त्याची चप्पल होती. ती निघेना. मीही वाकलो, दोघांनी मिळून मुरूम उकरून ती काढली. तो म्हणाला, "म्या लई आरडलो की मालक. तुम्ही बगून बी थांबून न्हाई राहिले." त्याच्या आवाजात राग नव्हता, नवल होतं. त्याच्या हातातली चप्पल मला आजही दिसते, अंगठा तुटलेली.

बालाजीराव धापा टाकत आले. गाडीकडं त्यांनी बघितलंच नाही, आधी मला चाचपलं, मग म्हाताऱ्याला. त्यांच्या माणसानं जॅक लावून पुढचं चाक काढलं. पॅड उरलंच नव्हतं. नुसती पत्र्याची पट्टी डिस्कला घासून निळी पडली होती. ब्रेकच्या पॅडला पत्र्याची एक बारीक जीभ असते. पॅड झिजत आलं की ती जीभ डिस्कला लागते आणि चिर्र असा बारीक, उंच आवाज करते. गाडीवाल्याला सावध करायला बनवणाऱ्यानं ठेवलेली सोय आहे ती. ती जीभ पावसाळ्यापासून ओरडत होती. बालाजीरावांनी ऐकलं, त्यांच्या घरच्यांनी ऐकलं असेल, रस्त्यावरच्या कुत्र्यांनी ऐकलं असेल. मी एकट्यानं ऐकलं नव्हतं.

गाडी ओढून न्यायला वेळ लागणार होता, म्हणून मॅडमनी मला त्यांच्या गाडीत बसवलं. त्यांचे मिस्टर बालाजीरावांबरोबर थांबले. लातूरपर्यंत आम्ही दोघंच.

ती गाडी आतून इतकी शांत, की देवळात बसल्यासारखं वाटलं. मी बाहेर बघत होतो. थोड्या वेळानं मॅडमनी गाडी बाजूला घेतली, माझ्याकडं वळल्या आणि म्हणाल्या, "मिस्त्री, मी तीन वेळा विचारलं, पाणी हवंय का?"

मी म्हटलं, लक्ष नव्हतं. त्या म्हणाल्या, असेल. मग म्हणाल्या, इथं तर इंजिनचा आवाज नाही.

आयुष्यभर मी आवाजात राहिलो. गॅरेजमध्ये प्रत्येक माणूस ओरडूनच बोलतो, कोणाला ऐकू आलं नाही तर काय झालं? गाडी चालू होती, हातोडा चालू होता, रस्ता चालू होता. मला कोणी दोनदा बोलावलं तर दोष नेहमी त्या आवाजाचा. त्या गाडीत पहिल्यांदा मला ज्याच्या मागं लपावं असं काही नव्हतं.

मॅडमनी मोबाईलमध्ये काहीतरी लावलं. शिकवणीत आवाजाचा धडा घेताना वापरतात म्हणे. एकच सूर, आधी जाड, मग बारीक, मग आणखी बारीक होत जाणारा. म्हणाल्या, ऐकू येतंय तोवर हात वर ठेवा, मीही ठेवते. दोघांनी हात वर केले. सूर चढत गेला. चढता चढता थांबला. मी हात खाली घेतला आणि म्हटलं, संपलं. त्यांचा हात वरच होता. तोंड थोडं वाकडं झालं होतं, कानाला टोचल्यासारखं. बराच वेळ तो हात तसाच वर होता आणि मी त्याच्याकडं बघत बसलो होतो.

"किती दिवसांपासून?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, ठाऊक नाही. खोटं नव्हतो बोलत. बारीक आवाज आधी जातात, हे मला नंतर कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं. जाड आवाज राहतात, म्हणून माणसाला वाटतं सगळं शाबूत आहे. इंजिनची घरघर मला अजूनही ऐकू येते, टॅपेट ऐकू येतो. पण मनात कुठंतरी ठाऊक होतं. फोन मी नेहमी एकाच कानाला लावत होतो. तोंड बघितल्याशिवाय बोलणं कळत नव्हतं, म्हणून कोणी बॉनेटखाली वाकून बोललं की मी नुसतं हाव, हाव म्हणून मान डोलवत होतो. ज्याच्या कानावर लोक भाळले होते, त्यानं कान दाखवायला डॉक्टरकडं जायचं म्हणजे काय? आणि तेही नांदेडात, जिथं चहावाल्यापासून सगळे ओळखतात.

घरी मी बायकोला, सुमनला, सगळं सांगितलं. ढीग सांगितला, चप्पल सांगितली, तो सूर सांगितला. मला वाटलं घाबरेल, रडेल. ती भाजी निवडत होती, हात थांबले. मग म्हणाली, "मला वाटलं तुम्हाला माझं ऐकायचंच नसतं."

तिनं तसं किती वर्षं धरलं होतं, कुणास ठाऊक. मी हाक मारल्यावर बघत नव्हतो, जेवताना तिच्या बोलण्याला उत्तर देत नव्हतो, ते सगळं तिनं मनाला लावून, मग मनातून काढून, शेवटी बोलणंच कमी केलं होतं. आणि मला वाटत होतं की वयानं ती शांत झाली. ढिगापाशी जेवढी लाज वाटली नव्हती तेवढी मला त्या स्वयंपाकघरात वाटली.

बालाजीराव रागावले असते तर बरं झालं असतं. मी त्यांच्याकडं गेलो, म्हटलं, राव, गाडी मी भरून देतो. ते म्हणाले, "मिस्त्री, मशीन हाय ते. माणूस राहिला ना जागेवर." मग चहा पाजला, बोअरच्या गप्पा सांगितल्या, फाटकापर्यंत सोडायला आले. गाडी हैदराबादेला पाठवली. दुरुस्त होऊन आली असं ऐकलं. माझ्याकडं ती पुन्हा आली नाही. वाटेत भेटले की आजही तेच मोकळं हसणं, आणि आजही ते माझ्या चेहऱ्यासमोर येऊन, सावकाश, एकेक शब्द वेगळा करून बोलतात. ते हसू मला पेलत नाही.

मॅडमनी चित्रफीत मुलांना दाखवली. त्याआधी मला फोन करून विचारलं. रुमालाच्या सुरुवातीपासून लाल फडक्यापर्यंतच घेतलीय, म्हणाल्या. मी एकदा वर्गात मागच्या बाकावर बसून ती बघितली. माझी सुरुवात खरंच सुंदर होती. मुलांनी पेट्रोलच्या बाजूनं टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग मॅडमनी फळ्यावर दोन रेघा काढल्या. एक सुरुवातीलाच उभी चढून नंतर वाकणारी, दुसरी हळू निघून मागून चढणारी. त्या रेघा फडक्यापाशी संपत होत्या. पुढं काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आणि मी मान खाली घालून बसलो.

आता मला दोन्ही कानांना मशीन आहे. पहिल्या दिवशी गॅरेजात गेलो तर पान्याचा पान्यावर पडण्याचा आवाज सुरीसारखा लागला. पाखरं बोलतात हे मी विसरलोच होतो. पण तो आनंद टिकला नाही, कारण लगेच दुसरी गोष्ट मनात आली. ज्या गाड्यांना मी एवढ्या दिवसांत कानानं पास केलं होतं, त्या सगळ्या रस्त्यावर होत्या. बायामाणसं, लेकरं बसतात त्यांत. औशाचा ढीग मुरुमाचा होता. प्रत्येकाला मुरुमाचा ढीग मिळत नाही.

मी एकेकाला फोन करायला लागलो. म्हणायचो, गाडी घेऊन या, चाकं उघडून ब्रेक बघतो. ते विचारायचे, कामून, काय झालं? मग सांगावं लागायचं, मला ऐकू कमी येतं, तुमची गाडी मी नीट बघितली नसेल. हे वाक्य म्हणायला पहिल्या दिवशी मला दुपार झाली. काही जण हसले, काही जण गप्प झाले. एकानं फोन ठेवला. बहुतेक आले. दोन गाड्यांची पॅड खरोखर संपत आली होती, ती बदलली. बाकीच्या ठीक निघाल्या. ठीक निघाली की मला आनंद व्हायच्या ऐवजी वाटायचं, ही माझ्यामुळं नाही, नशिबानं ठीक आहे.

सगळ्यांत शेवटी जळकोटच्या शंकरअप्पांना फोन केला. अप्पांची तिथं आडत आहे, तूर-सोयाबीनचा व्यापार. माझ्या गॅरेजला पत्रे नव्हते तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. गाडी कितीही बदलली तरी मिस्त्री बदलला नाही. त्यांची पांढरी गाडी मी पोळ्याच्या आधी बघितली होती आणि ब्रेक एकदम बरोबर म्हणून पाठवली होती. त्यांना शेवटी ठेवलं, कारण त्यांच्यापुढं ते वाक्य म्हणणं सगळ्यांत जड होतं. पण अप्पांनी ते म्हणूच दिलं नाही. काय झालं ते न विचारता म्हणाले, येतो उद्या, नांदेडात कामच आहे.

आले. स्टुलावर बसले, मी चहा मागवला. जॅक लावला, पुढचं डावं चाक काढलं.

पॅड नवीकोरी होती. माझ्याकडं त्या कंपनीचा माल मी कधी ठेवला नाही. मी उजवं चाक काढलं, तिथंही नवी. मागचीही उघडली. तिथंही सगळं नवं, नीट साफ करून, ग्रीस लावून, चांगल्या हातानं बसवलेलं. पॅडवर कारखान्याचा रंगसुद्धा अजून पुरता उडाला नव्हता.

मी वाकलेला तसाच राहिलो. पोळ्याआधी माझ्याकडून गाडी नेल्यावर अप्पा दुसऱ्या कोणाकडं गेले होते. कदाचित त्या वेळीच नव्हे. कदाचित दर वेळी ते आधी माझ्याकडं यायचे, चहा प्यायचे, मी बरोबर म्हटलेलं ऐकून घ्यायचे, आणि मग वाटेत कुठंतरी गाडी खरी तपासून घ्यायचे. त्यांना किती आधीपासून ठाऊक होतं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी वर बघितलं. अप्पा रस्त्याकडं बघत चहा पीत होते.

मी चारही चाकं परत बसवली.

"कसे हायत ब्रेक?" अप्पांनी विचारलं, नेहमीसारखं मोठ्यानं.

"बरोबर हायत अप्पा."

त्यांनी कप खाली ठेवला. माझ्या कानाकडं, मशीनकडं बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "पुढच्या टायमाला पॅड तुमच्याकडंच घालू."

मी मान वर केली नाही. पाना घेऊन चाकाचे नट आवळत राहिलो. ते आधीच आवळलेले होते.